गाइडचं वचन : एका शतकाची दुरुस्ती

४ सप्टेंबर १९०९. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बॉय स्काउटांचा पहिला मोठा मेळावा भरला होता. दहा हजारांवर मुलग्यांच्या त्या गर्दीत स्काउटी टोप्या घातलेल्या काही मुलीही बिनबोलावता येऊन उभ्या राहिल्या. आपल्यालाही यात घ्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल पेचात पडले. पोरांसोबत रानोमाळ हिंडायला त्या काळचे आईबाप लेकींना पाठवणार नव्हते. तोडगा म्हणून १९१० मध्ये ‘गर्ल गाइड्स’ ही वेगळी संघटना निघाली आणि तिची सूत्रं बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस यांच्याकडे आली.

१९१२ मध्ये निघालेल्या पहिल्या हस्तपुस्तिकेच्या नावातच साम्राज्याच्या उभारणीला मुलींचा हातभार लागावा, ही अपेक्षा होती. शुश्रूषा आणि गृहव्यवस्था यांवर तिचा भर होता, पण तंबू ठोकणं आणि संदेश पाठवणंही त्याच पानांत होतं. ही दुसरी बाजू लवकरच कामी आली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या ‘एमआय ५’ या गुप्तचर खात्याने कार्यालयात निरोप पोचवायला आधी बॉय स्काउट ठेवले. ते खोडकर निघाले, म्हणून त्यांच्या जागी गाइड मुली आल्या.

भारतातलं पहिलं गाइड पथक १९११ मध्ये जबलपूरला निघालं. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या स्काउट संघटना एक होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ जन्मली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड संघटनाही तिच्यात सामील झाली. ज्या मुलींना १९१० मध्ये वेगळं काढलं होतं, त्या इथे मुलग्यांसोबत एका छत्राखाली आल्या. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक गाइड संघटनेचं आशियातलं केंद्र ‘संगम’ १९६६ पासून पुण्यात आहे. देशोदेशीच्या मुली तिथे मुक्कामाला येतात.

गणवेश तर काळानुसार बदलत गेलाच, पण खरा बदल गाइड होताना मुली देतात त्या वचनात झाला. सप्टेंबर २०१३ पासून ब्रिटिश गाइडच्या वचनातून ईश्वराचा उल्लेख गेला. स्वतःशी प्रामाणिक राहण्याची आणि आपल्या श्रद्धा घडवण्याची ग्वाही त्या जागी आली. देशाऐवजी समाजाच्या सेवेचा उल्लेख झाला, राणीच्या सेवेचा उल्लेख मात्र तेव्हा राहिला. भारतीय वचनात ‘ईश्वरा’ऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे, पण देशाप्रति कर्तव्य कायम आहे.

आपल्या शाळांत आजही बुलबुल, गाइड, रेंजर या पायऱ्या आहेत. स्वतःच्या कष्टाने पैसे मिळवण्याची ‘खरी कमाई’ आहे, सोपानांच्या परीक्षा आहेत, राज्य पुरस्कार आहे. शाळेला प्रमाणपत्रांच्या संख्येचं कौतुक असतं, पालकांना गुणांचं. मात्र मुलींनी १९०९ मध्ये मागितलं होतं ते मोकळं रान. म्हणून गाइडच्या आधुनिकतेची कसोटी एकच : वर्षातून निदान एक रात्र मुलीला तंबूत काढता यावी, आणि त्या शिबिराचा बेत तिने स्वतः आखलेला असावा. शाळांनी आणि पालकांनी एवढं केलं, तरी पुष्कळ झालं.