एअर इन्टेक बदलून गाडीची ताकद वाढते का?

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या ऊसपट्ट्यात मोटारीला बाहेरचा एअर इन्टेक, म्हणजे उघडा शंकूसारखा फिल्टर, बसवण्याआधी साधा हिशोब मांडावा. 1,200 सीसीचे पेट्रोल इंजिन मिनिटाला 5,000 फेऱ्यांवर सुमारे 3,000 लिटर हवा ओढते. मूळ कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर तो अडवतो फारच थोडे. बदलून 20 मिलिबार दाब वाचला असे धरले, तरी हवा वाढते जेमतेम 2 टक्के. 80 हॉर्सपॉवरच्या गाडीत दीड हॉर्सपॉवर, तेही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच. एरवी हवा अडते ती थ्रॉटलच्या झडपेपाशी. उलट उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. 35 अंशांऐवजी 50 अंशांची हवा आत गेली, तर ती जवळपास 5 टक्के विरळ असते. म्हणजे कमाई गेलीच, वर पदरचे गेले!

‘पण गाडी जोरात पळते, हे जाणवते ना?’ जाणवतो तो आवाज. मूळ फिल्टरच्या डब्याने दाबलेली हवेची घरघर मोकळी होते आणि कानाला ती ताकद वाटते. खरे उत्तर ताकद मोजणाऱ्या डायनॅमोमीटरवरच मिळते. शर्यतीच्या गाड्यांना मोकळ्या इन्टेकचा फायदा होतो, हे खरे. पण तिथे कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट, इंधनाचे गणित, सारेच बदललेले असते. आपल्याकडे खरा प्रश्न धुळीचा आहे. मातीतले सिलिकाचे कण सिलिंडर आणि पिस्टन रिंगा घासतात. म्हणून तर जुन्या ट्रॅक्टरांना तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असे: हवा तेलावर आपटून वळते, धूळ तेलात बसते. ऊसवाहतुकीच्या हंगामात कागदी फिल्टर वेळेआधीच बदलावा.