कुमार गंधर्व : सक्तीचे मौन आणि श्रवण

कुमार गंधर्वांच्या (१९२४–१९९२) प्रयोगशीलतेची चर्चा बहुधा त्यांच्या गायनाच्या अंगाने होते. तिचे मूळ मात्र त्यांच्या ऐकण्यात शोधावे लागते. बालवयात ध्वनिमुद्रिका ऐकून नामांकित गवयांची गायकी ते हुबेहूब उभी करीत. हे श्रवण विलक्षण तल्लख होते. परंतु त्याची परिणती अनुकरणात होत होती.

क्षयाच्या आजारामुळे १९४८ मध्ये ते देवास येथे राहावयास गेले. वैद्यकीय सल्ल्यानुसार पुढील काही वर्षे गाणे बंद राहिले. अंथरुणावर असताना माळव्यातील स्त्रियांची गीते व नाथपंथीयांची निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडत. ऐकलेले तत्काळ गाऊन पाहण्याची मुभा नव्हती. त्यामुळे ते मनात मुरत राहिले.

लोकधुनेचा विस्तार बहुधा चार-पाच स्वरांपुरता असतो. सामान्य श्रोता तेथे केवळ चाल ऐकतो. कुमारांना तीत स्वरांचे परस्परसंबंध, एखाद्या स्वरावरील ठहराव, चलनाची वळणे जाणवली. रागाचे बीज धुनेतच असते, ही त्यांची धारणा होती. मालवती, सहेली तोडी, संजारी हे ‘धुनउगम’ राग तिच्यातूनच सिद्ध झाले. ‘अनूपरागविलास’ (१९६५) हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह या दृष्टीनेही अभ्यसनीय आहे.

त्यांच्या उत्तरकालीन गायनातील लहान, तुटक स्वरवाक्यांचे कारण अनेकदा दुर्बल झालेल्या फुप्फुसात शोधले जाते. ते अंशतः ग्राह्य आहे. तथापि आजारपणाने श्वास आखूड झाला, एवढ्यावरून मालवतीचा उगम सांगता येत नाही.