आउटलुकचा कॉन्टॅक्ट फॉर्म हवा तसा करून घेताना

क्लासिक आउटलुकमधल्या कॉन्टॅक्ट फॉर्ममध्ये नाव, कंपनी, फोन, पत्ता, वाढदिवस हे सगळे असते. ग्राहक क्रमांक किंवा सभासदत्वाची मुदत मात्र नसते. अशा रकान्यांसाठी फॉर्म बदलता येतो. त्याआधी रिबनच्या सेटिंगमधून डेव्हलपर टॅब दिसता करावा लागतो. तिथल्या ‘डिझाइन अ फॉर्म’मधून कॉन्टॅक्ट निवडला की मूळ पानांसोबत पी.२ ते पी.६ अशी पाच कोरी पाने मिळतात. काम याच पानांवर करावे. पहिल्या ‘जनरल’ पानाला हात लावला तर फॉर्म जुन्या, २००७ पूर्वीच्या रूपात उघडतो, आणि तो दिसायला काही खास नाही.

‘फील्ड चूझर’मध्ये ‘न्यू’ दाबून रकान्याला नाव आणि प्रकार द्यायचा (मजकूर, तारीख, होय/नाही वगैरे) आणि तो पानावर ओढायचा. टूलबॉक्समधून नुसती चौकट आणून ठेवली आणि ती रकान्याशी जोडली नाही, तर तिच्यात भरलेली माहिती जतनच होत नाही. नवशिके हमखास इथेच अडकतात.

तयार फॉर्म कॉन्टॅक्ट्स फोल्डरमध्ये ‘पब्लिश’ करायचा. त्याला ‘ग्राहक’ नाव दिले तर त्याचा मेसेज क्लास (नोंद कोणत्या फॉर्ममध्ये उघडायची हे ठरवणारे नाव) आयपीएम.कॉन्टॅक्ट.ग्राहक असा होतो. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये तो ठरवून दिला की नव्या नोंदी त्यातच उघडतात. जुन्या नोंदी मात्र जुन्याच फॉर्ममध्ये राहतात. त्यांचा मेसेज क्लास मॅक्रोने बदलावा लागतो. नव्या आउटलुकमध्ये आणि मोबाइलवर असे फॉर्म चालत नाहीत.