नऊ कर्त्यांचें राज्य

घरांत कर्ता एकच असावा, असा आपल्या एकत्र कुटुंबांचा जुना संकेत आहे; आणि राज्यासहि एकच शास्ता हवा, हें मत त्या संकेताचें थोरलें भावंड होय. दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे या चिमुकल्या प्रजासत्ताकानें हें मत एकदां नव्हे, दोनदां कसोटीस लावलें. तो वृत्तांत आमच्या वाचकांस मनोरंजक वाटेल.

ब्राझील व अर्जेंटिना या दोन बलाढ्य शेजाऱ्यांमध्यें वसलेलें हें राज्य १८२८ च्या तहानें स्वतंत्र झालें. रिव्हेरा हा पहिला अध्यक्ष व ओरिबे हा दुसरा. लवकरच या दोघांतच वैर जुंपलें आणि १८३६ च्या लढाईंत सैनिकांनीं बांधलेल्या फितींवरून 'पांढरे' व 'तांबडे' हे दोन पक्ष जन्मास आले. (तांबड्यांची फीत मूळची निळी; ती उन्हानें विटली म्हणून रंग बदलला, असें सांगतात!) पुढें राजधानी मॉन्टेव्हिडिओस १८४३ पासून १८५१ पर्यंत वेढा पडला होता. अध्यक्षपद ज्याच्या हातीं त्याचें सर्वस्व, आणि हरणाऱ्यास बंडावांचून गति नाहीं, अशी ती स्थिति होती.

१९०३ मध्यें अध्यक्ष झालेल्या होसे बातये यांनीं पांढऱ्यांचें शेवटचें मोठें बंड १९०४ त मोडून काढलें. हे गृहस्थ तांबड्यांचे पुढारी, वृत्तपत्रकार आणि स्वतः एका अध्यक्षाचे पुत्र. मुदत संपल्यावर ते युरोपांत गेले. स्वित्झर्लंडमधील सामुदायिक कारभार त्यांच्या मनांत भरला. १९११ मध्यें पुन्हां निवडून आल्यावर, अध्यक्षाचें पदच नाहींसें करून तेथें नऊ जणांचें मंडळ बसवावें, अशी सूचना त्यांनीं १९१३ त मांडली. सत्ता हातीं असतां तिचेच तुकडे करूं म्हणणारा पुरुष विरळा! त्यांच्याच पक्षांत फूट पडली; अखेर तडजोड होऊन १९१९ पासून नवी घटना अमलांत आली. सैन्य, पोलीस व परराष्ट्रव्यवहार अध्यक्षाकडे. शिक्षण, अर्थ इत्यादि खातीं नऊ जणांच्या मंडळाकडे.

हें द्विमुखी गाडें १९३३ पर्यंत चाललें. जागतिक मंदीच्या धामधुमींत अध्यक्ष तेरा यांनीं ३१ मार्च रोजीं मंडळ व विधिमंडळ दोन्ही मोडलीं. माजी अध्यक्ष बाल्तासार ब्रुम यांनीं त्याच दिवशीं निषेध म्हणून स्वतःवर गोळी झाडून प्राणत्याग केला.

दुसरा प्रयोग १९५२ चा. या वेळीं अध्यक्ष मुळींच नाहीं. नऊ जण, त्यांपैकीं सहा बहुमताचे व तीन विरोधकांचे, आणि मंडळाचें प्रमुखत्व वर्षावर्षानें फिरतें. मार्तिनेझ त्रुएबा यांनीं अध्यक्षपदीं असतांना आपलेंच पद रद्द होण्यास साह्य केलें. १९५८ च्या निवडणुकींत ९३ वर्षांनीं पांढऱ्यांस सत्ता मिळाली, तीहि एकाहि गोळीवांचून. आमच्या मतें ही या व्यवस्थेची मोठीच कमाई. परंतु कोरियाच्या युद्धानंतर लोकरीचे भाव कोसळले, महागाई भडकली, आणि नऊ जणांच्या वादांत निर्णय रखडूं लागले. लोकांनीं लोकरीचा दोषहि मंडळाच्याच माथीं मारला व १९६६ त मतदान करून एकमुखी अध्यक्षपद परत आणलें.

त्यानें तरी काय साधलें? नवे अध्यक्ष खेस्तीदो १९६७ मध्येंच वारले. २७ जून १९७३ रोजीं अध्यक्ष बोर्दाबेरी यांनीं सैन्याच्या बळावर विधिमंडळ बरखास्त केलें. तीन वर्षांनीं त्याच सैन्यानें त्यांसहि घरीं बसविलें. १९८० मध्यें सेनापतींनीं आपली घटना लोकांपुढें ठेवली, तेव्हां धाकदपटशा असतांहि बहुमतानें ती नाकारली गेली. १९८५ त लोकनियुक्त राज्य परत आलें.

आज तेथें अध्यक्ष एकच असतो. मात्र पांच वर्षांची मुदत संपतांच त्यास लागोपाठ पुन्हां निवडून येतां येत नाहीं. २००५ त अध्यक्ष झालेले ताबारे व्हास्केझ यांस दुसऱ्यांदा त्या आसनावर बसण्यास २०१५ पर्यंत थांबावें लागलें.