संशोधक रेडिओग्राफर : एक आगळे कार्यक्षेत्र

दहावीचा निकाल लागला की पालक मंडळी आमच्याकडे येतात. "सर, डॉक्टर की इंजिनिअर?" हा प्रश्न ठरलेला. विज्ञानाची आवड असलेल्यांसाठी आणखीही वाटा आहेत. त्यांतील एकीची ओळख आज करून देत आहोत.

कर्करोगावरील किरणोपचाराला आपल्याकडे 'शेक' किंवा 'सिकाई' म्हणतात. त्यामुळे भाजण्याची भीती वाटते. पण यात उष्णता दिली जात नाही. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर या यंत्रातून निघणारे शक्तिशाली क्ष-किरण कर्कपेशींमधील डीएनए मोडतात. निरोगी पेशींनाही इजा होते, परंतु त्या ती अधिक चांगली भरून काढतात. म्हणूनच सगळी मात्रा एकदम न देता थोडी थोडी, अनेक दिवस देतात.

डॉक्टर उपचार ठरवतात, भौतिकतज्ज्ञ हिशेब करतात. रोज रुग्णाला टेबलावर झोपवणे, त्वचेवरील खुणा जुळवणे, प्रतिमा तपासणे आणि मग यंत्र सुरू करणे हे काम थेरपी रेडिओग्राफरचे. भारतात त्यांना रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. यांच्यापैकी काही जण रोजच्या कामातूनच प्रश्न शोधतात व त्यांची उत्तरे प्रयोगाने तपासतात. ते संशोधक रेडिओग्राफर.

उदाहरण पाहू. डाव्या स्तनाच्या कर्करोगात किरणांच्या वाटेजवळच हृदय असते. दीर्घ श्वास घेऊन रोखला की फुप्फुसे फुगतात व हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते. पूर्वी यासाठी तोंडात नळी धरून झडपेने श्वास रोखणारे यंत्र वापरीत. इंग्लंडमधील रॉयल मार्सडेन रुग्णालयात 'हार्टस्पेअर' नावाचा अभ्यास झाला. त्यात प्रश्न असा होता की रुग्णाने स्वतःच श्वास रोखला तर? 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अचूकता यंत्राइतकीच, वेळ कमी, खर्च कमी, आणि रुग्ण व रेडिओग्राफर दोघांचीही पसंती साध्या पद्धतीला. महागडे यंत्र नसलेल्या ठिकाणीही हृदय जपता येते, ही केवढी मोठी गोष्ट!

त्याच रुग्णालयात 2018 मध्ये ब्रिटनमधील पहिल्या रुग्णावर 'एमआर लिनॅक'ने उपचार झाले. या यंत्रात एमआरआय व किरणयंत्र एकत्र असतात. मूत्राशय, आतडी रोज थोडी हलतात. ते पाहून त्याच दिवशी गाठीची सीमारेषा पुन्हा आखता येते. पूर्वी हे काम डॉक्टरांचे होते. आता प्रशिक्षित रेडिओग्राफरही ते करू लागले आहेत.

अचूकता वाढली की फेऱ्या कमी करण्याचा विचार करता येतो. ब्रिटनमधील 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीत 4096 रुग्णांनी भाग घेतला. स्तनाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत 15 वेळा द्यायचे किरण एका आठवड्यात 5 वेळा दिले, तरी पाच वर्षांनंतरचे परिणाम कमी प्रतीचे नव्हते, असे 2020 मध्ये जाहीर झाले. प्रत्येक रुग्णाला हे लागू होत नाही; निर्णय डॉक्टरांचाच. पण झाबुआ-खरगोनहून इंदूरला येऊन, रोजगार बुडवून, धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबाला विचारा, दहा फेऱ्या वाचणे म्हणजे काय!

या क्षेत्रासाठी बारावीला विज्ञान हवे. भौतिकशास्त्र चांगले असावे. त्यानंतर रेडिओथेरपी तंत्रज्ञानाची पदवी, रुग्णालयातील अनुभव आणि संशोधन करायचे तर पुढील शिक्षण. गुणांइतकाच धीरही लागतो, कारण समोर घाबरलेला माणूस असतो. त्याला "श्वास रोखा, आता सोडा" हे आपुलकीने सांगता आले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात "असे का?" विचारायला संकोचू नका. टेबलापाशी उभ्या असलेल्या कुणीतरी रोजचे काम करताना हाच प्रश्न विचारला, म्हणून आज कित्येकांचे हृदय सुरक्षित आहे. पालकांनाही विनंती, की मुलांचे विषय ठरवताना या वाटेचाही विचार व्हावा.