खेळाडूंची जडीबुटी कितपत निर्धोक?

पावसाळा ओसरला की आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात कबड्डीची मैदाने आखली जातात. सैन्यभरतीच्या १६०० मीटर धावेचा सराव करणारी मुलेही पहाटे रस्त्यावर दिसू लागतात. यांपैकी काहींच्या घरी एखादा डबा असतो: ताकदीचे चूर्ण, शिलाजित किंवा वजन वाढविणारी पावडर. "जडीबुटीच तर आहे, अपाय काय होणार?" असे घरची माणसे म्हणतात. ही समजूत कितपत खरी, ते आपण पाहू.

झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, असे शेतकऱ्याने तरी मानू नये. धोतरा आपल्याच बांधावर उगवतो, पण तो कोणी खात नाही. कुचल्याच्या बियांत स्ट्रिकनीन हे जहाल विष असते. १९०४ साली सेंट लुई येथील ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावणाऱ्या थॉमस हिक्स यास वाटेत हेच विष ब्रँडीबरोबर पाजण्यात आले. तो जिंकला, परंतु शर्यत संपताच कोसळला. आज स्ट्रिकनीन खेळाडूंना वर्ज्य आहे, आणि काही आयुर्वेदिक गोळ्यांत शोधित कुचला असतो. भांगेतील नशेचे द्रव्यही स्पर्धेच्या वेळी वर्ज्य आहे, मग ती थंडाईतून का घेतलेली असेना.

दुसरा धोका भेसळीचा. २०११ साली भारताच्या सहा महिला धावपटूंच्या तपासणीत स्टेरॉइड आढळले. त्यांत २०१० च्या आशियाई स्पर्धेत रिलेचे सुवर्णपदक मिळविलेल्या मुलीही होत्या. चीनमध्ये घेतलेल्या जिनसेंगमधून ते अंगात गेले, असे त्यांचे म्हणणे होते. तरी बंदी टळली नाही. आधी एक वर्षाची झालेली बंदी २०१२ मध्ये क्रीडा लवादाने दोन वर्षांची केली. जे शरीरात सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा हा नियम आहे.

वजन वाढविणाऱ्या काही 'हर्बल' पावडरींतही स्टेरॉइड मिसळलेले आढळते. भूक वाढते, चेहरा भरतो, घरची मंडळी खूश होतात. पुढे मात्र साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. अशी पावडर बरेच दिवस घेतली असेल तर ती एकाएकी बंद करू नये, तेही धोक्याचे असते. डबा घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

तिसरी गोष्ट यकृताची. २०२० च्या अखेरीस मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदविले. आयुष मंत्रालयाने ती सारखी दिसणारी दुसरी वेल असावी, अशी शंका मांडली. वेल ओळखण्यातली चूकही किती महाग पडते, हे यावरून कळते. अश्वगंधा खेळाडूंना वर्ज्य नाही, पण तिच्यामुळेही काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना जाणे, अशी लक्षणे दिसताच औषध थांबवून तपासणी करून घ्यावी.

मग करावे काय? बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर, मुदत व पावती पाहतो. मुलाच्या पोटात जाणाऱ्या वस्तूची निदान तेवढी तरी पारख करावी. बाजारात सुटे मिळणारे, घटकांची नावे नसलेले किंवा "आठ दिवसांत ताकद" देणारे काहीही घेऊ नये. जिल्हा वा राज्य पातळीवर खेळणाऱ्याने चूर्ण-काढा घेण्यापूर्वी डॉक्टरांना व प्रशिक्षकांना दाखवावा.

भाकर, तुरीचे वरण, अंडी, दूध, शेंगदाणे-गूळ आणि आपल्याच बागेतला संत्रा एवढ्यावर बहुतेक मुलांचा सराव उत्तम होतो. जोडीला पुरेशी झोप हवी. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना धावपटूच्या संयमाचा दाखला दिला आहे. तो संयम मुलांना शिकविणे हे आपणा आईवडिलांचे काम आहे. या आठवड्यात घरातला डबा एकदा उजेडात आणून त्यावरची चिठ्ठी वाचून पाहावी, एवढीच विनंती.