फिल्मसोबतची चिठ्ठी

येरमाळ्याच्या चौकातून एक रस्ता बार्शीला जातो, एक कळंबला, एक धाराशिवला. छाती भरलेल्या म्हाताऱ्याला घेऊन घरचे यातल्या एका रस्त्याला लागतात तेव्हा सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असते. तिच्यावर पुष्कळदा एवढंच: ‘छातीचा एक्स-रे, पीए’. ताप किती दिवसांचा, ऑक्सिजन किती, टीबी होऊन गेलाय का, काहीच नाही. फिल्म वाचणाऱ्याचं निदान चुकायला इथूनच सुरुवात होते, असं माझं मत आहे.

कारण फिल्मवर न्यूमोनिया दिसत नाही, पांढरेपणा दिसतो. हवेमुळे काळं दिसायला हवं तिथं काहीतरी भरलंय, इतकंच कळतं. तो पू असेल, हृदय थकल्यामुळे साचलेलं पाणी असेल, जुन्या टीबीचा व्रण असेल, एखाद्या वेळी गाठही. जुनी फिल्म शेजारी लावली तर व्रणाचा प्रश्न मिनिटात सुटतो. पण ती घरी पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांखाली.

त्यात फिल्म कशी काढली यावरही बरंच अवलंबून. पेशंटने पूर्ण श्वास घेतला नाही तर फुप्फुसाचा खालचा भाग उगाच पांढरट येतो. खाटेवर झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं आणि त्यामागचा डाग झाकला जातो. आजाराला काही तासच झाले असतील तर फिल्म साफही येते. हल्ली तर तिचा मोबाइलवर काढलेला फोटोच पुढे जातो, वर ट्यूबलाइटची तिरीप. आणि सगळं नीट असलं तरी दोन डॉक्टर एकच वाचतील असं नाही. 1940च्या दशकात अमेरिकेत टीबीच्या फिल्म अनुभवी डॉक्टरांना दाखवल्या, तेव्हा त्यांचं आपसांत जमलं नाहीच; तीच फिल्म पुन्हा दाखवल्यावर काहींचं स्वतःशीही जमलं नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी फिल्मशिवायच काम चालवलं. गावातल्या आरोग्यदूतांनी बाळाचे श्वास मोजले. यासाठीचे आजचे आकडे असे: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40. खोकला असताना वेग तितका किंवा त्याहून जास्त झाला की न्यूमोनिया समजून औषध. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. असा एक आकडा चिठ्ठीवर असला तरी फिल्म वाचणाऱ्याची नजर बदलते.

नजर बदलणं घातकही ठरतं. कोरोनात गावोगाव एकच प्रश्न होता: ‘स्कोअर किती?’ म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनवरचा: फुप्फुसाचे पाच भाग, प्रत्येकाला पाचपैकी गुण, म्हणून 25. सप्टेंबर 2020मध्ये राज्य सरकारला या सीटी स्कॅनचे दर बांधून द्यावे लागले, इतकी गर्दी. फुप्फुस किती व्यापलंय हे स्कोअर सांगतो, कशाने व्यापलंय ते नाही. पण साथीत जो तो कोरोनाच शोधत होता.

खाटेपाशीच छातीची सोनोग्राफी करणं हा चांगला मार्ग. फुप्फुसाच्या कडेला आलेला न्यूमोनिया आणि भोवतीचं पाणी तिच्यात छान दिसतं; खोलवरचा डाग मात्र निसटतो, आणि सगळं मशीन धरणाऱ्या हातावर. अडचण वेगळीच आहे. गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्यामुळे पोर्टेबल मशीन नोंदलेल्या जागेबाहेर सहजी नेता येत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2011च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. तो आकडा समोर असताना कायदा सैल करा म्हणायला माझी जीभ धजत नाही. छातीपुरती मुभा द्यायची तर कशी, यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे.